पिकअपच्या मागच्या चाकाला डिस्क ब्रेक बसवावा का? खर्च करण्याआधी हे वाचा

मंठा : कापूस, सोयाबीन आणि मोसंबीचा हंगाम आला की तालुक्यातल्या पिकअप गाड्यांना उसंत नसते. जालना, परतूर, लोणार, जिंतूर अशा चारी बाजूंनी माल जातो. याच दिवसांत गॅरेजवर एक तक्रार हमखास ऐकू येते, "लोड भरला की ब्रेक लागंना." मग कुणी तरी सुचवतं की मागचे ड्रम काढा अन् डिस्क टाका. मोबाईलवर तसे व्हिडिओही भरपूर आहेत. हे काम खरंच करावं का, केलं तर काय काय बदलावं लागतं आणि कायदा काय म्हणतो, याची ही माहिती.

थोडक्यात उत्तर

नुसती मागे डिस्क बसवून ब्रेक चांगला होत नाही. मास्टर सिलिंडर, व्हॉल्व्ह आणि हॅन्डब्रेक यांचा मेळ बसला नाही तर गाडी आधीपेक्षा जास्त धोक्याची होते. बहुतेक गाड्यांचा ब्रेक ड्रममुळे कमी झालेला नसतो. देखभाल, ओव्हरलोड आणि वाढवलेले पाटे ही त्याची नेहमीची कारणं. ती आधी दूर करा.

ड्रम आणि डिस्कमध्ये फरक काय?

ड्रम ब्रेकमध्ये दोन शू आतून बाहेर फाकतात आणि त्यांच्यावरचे लायनर ड्रमला घासतात. फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःच ओढून घेतो, त्यामुळे कमी जोरात जास्त पकड मिळते. हॅन्डब्रेकही यात सोपा, एका केबलवर काम भागतं. दोष असा की ड्रम बंद डबा असतो. आतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून लांब जातो आणि पॅडल खाली जायला लागतं. ओढ्यातून गाडी काढल्यावर आत पाणी गेलं तर वाळेपर्यंत पकड कमीच राहते.

डिस्क ब्रेकमध्ये उघडी तबकडी असते आणि कॅलिपर तिला दोन्ही बाजूंनी पॅडनं चिमटीत धरतो. हवा लागत असल्यानं ती लवकर थंड होते, पाणी झटकून टाकते. पण तिला ड्रमसारखी स्वतःची ओढ नसते. तेवढीच पकड मिळवायला ऑइलचं प्रेशर जास्त लागतं.

मग कंपनी मागे ड्रमच का देते?

बोलेरो पिकअप, अशोक लेलँड दोस्त, टाटा योद्धा या आपल्याकडच्या गाड्यांत पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशीच रचना आहे. स्वस्त पडतं हे एक कारण, पण तेवढंच नाही.

ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं. थांबवण्याचं मोठं काम पुढची चाकं करतात. त्यात रिकाम्या पिकअपचा मागचा भाग एकदम हलका असतो. मागचा ब्रेक गरजेपेक्षा ताकदवान केला तर रिकाम्या गाडीची मागची चाकं आधी जाम होतात आणि पाठ फिरते. पहिल्या पावसात किंवा रस्त्यावर सांडलेल्या वाळूवर गाडी आडवी व्हायला एवढं पुरतं. म्हणून ब्रेक नीट लागत नसेल तर पुढचे डिस्क पॅड आधी तपासा, मागचं नंतर.

डिस्क बसवायची तर काय काय बदलावं लागतं?

१. डिस्क, कॅलिपर आणि ब्रॅकेट : कॅलिपर ज्या ब्रॅकेटवर बसतो त्याच्यावर सगळा झटका येतो. वेल्डिंगच्या दुकानात पट्टी कापून एक्सलला टाका मारणं म्हणजे जिवाशी खेळ. ब्रॅकेट मापाचा आणि बोल्टनं बसणाराच हवा.

२. रिम : कॅलिपर रिमच्या आत मावला पाहिजे. चाक हातानं पूर्ण फिरवून बघायचं.

३. मास्टर सिलिंडर : कॅलिपरच्या पिस्टनला व्हील सिलिंडरपेक्षा जास्त ऑइल लागतं. जुनाच मास्टर सिलिंडर ठेवला तर पॅडल खोल जाऊ शकतं.

४. प्रेशर धरणारा व्हॉल्व्ह : काही गाड्यांच्या ड्रम लाइनमध्ये थोडं प्रेशर धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तोच डिस्कच्या लाइनला राहिला तर पॅड घासत राहतात आणि डिस्क तापते.

५. हॅन्डब्रेक : लोक सगळ्यात जास्त इथंच फसतात. साध्या कॅलिपरला हॅन्डब्रेकची सोय नसते. हॅन्डब्रेकवाला कॅलिपर किंवा डिस्कच्या आत छोटा ड्रम लागतो. चढावर भरलेली गाडी नुसत्या गिअरच्या आणि दगडाच्या भरवशावर उभी करता येत नाही.

६. एबीएस : गाडीला एबीएस असेल तर चाकाचे सेन्सर आणि त्यांचा हिशोब जागेवर राहिला पाहिजे.

ही यादी बघितली की समजतं, हे अर्ध्या दिवसाचं काम नाही. शिवाय झाल्यावर रिकामी आणि भरलेली, दोन्ही अवस्थांत चाचणी घ्यावी लागते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं मंजूर करून घेतलेल्या मूळ रचनेत मालकाला मनानं बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हीच बाजू उचलून धरली. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

आरसीवर ब्रेकचा प्रकार दिसत नाही म्हणून काही होत नाही, असा समज करून घेऊ नका. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस लागतं. तिथं ब्रेक तपासला जातो. अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूस गाडी बघतो आणि न कळवता केलेला बदल दाव्यात आडवा येऊ शकतो. म्हणून काम हातात घेण्याआधी जालन्याच्या आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा. तोंडी "चालतंय" पुढं कामाला येत नाही.

आहे तोच ड्रम दमदार कसा करायचा?

- लायनर रिव्हेटपर्यंत झिजण्याआधी बदला. दोन्ही चाकांचे एकाच वेळी बदला, नाही तर गाडी एका बाजूला ओढते.
- ड्रमला चर पडले असतील तर लेथवर टर्निंग करता येतं, पण ड्रमवर लिहिलेल्या मापाच्या पुढे नाही. त्यानंतर नवा ड्रमच.
- व्हील सिलिंडर किंवा एक्सलचं ऑइल सील गळत असेल तर आधी ते बदला. ऑइलनं भिजलेला लायनर डिझेलनं धुऊन परत बसवू नका.
- ॲडजस्टर मातीनं जाम होतो. तो मोकळा करून शू आणि ड्रममधली फट बरोबर करा. "ब्रेक खाली गेला" ही तक्रार बऱ्याचदा इथंच संपते.
- ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं. नवं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशाला उकळतं, ओल धरलेलं १४० अंशालाही उकळू शकतं. उकळलं की लाइनमध्ये वाफ होते आणि पॅडल थेट खाली जातं. साधारण दोन वर्षांनी ऑइल बदला. झाकणावर जो ग्रेड लिहिला तोच टाका. त्यात इंजिन ऑइल चुकूनही नको, रबर फुगतात.
- ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा.

पाटे वाढवलेत? मग हे तपासाच

बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या एक्सलजवळ एलएसपीव्ही नावाचा व्हॉल्व्ह असतो. माल भरला की पाटे दबतात, व्हॉल्व्हचा दांडा हलतो आणि मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर मिळतं. आपल्याकडे जास्त माल मावावा म्हणून दोन पाटे वाढवायची पद्धत आहे. पाटे कडक झाले की गाडी कमी दबते. मग व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे आणि भरल्या गाडीतही तो मागचं प्रेशर कमीच ठेवतो. अशा गाडीला डिस्क टाकली तरी प्रेशर कमीच मिळणार. व्हॉल्व्हचा दांडा तुटलेला किंवा तारेनं बांधलेला असेल तर तो आधी कंपनीच्या मापाप्रमाणे सेट करून घ्या.

लोड आणि घाट

गाडी आणि माल मिळून ३ टन असेल तर १०० मीटर उंची उतरताना तयार होणारी उष्णता ही ताशी ६० च्या वेगातून सात वेळा गाडी थांबवण्याएवढी असते. वजन ४ टन झालं की त्यात आणखी एक तृतीयांश भर. वेग ४० वरून ६० केला तर प्रत्येक वेळी थांबवायला सव्वादोन पट काम लागतं. मंठ्याच्या सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही. पण माल घेऊन वाशीला निघालेली गाडी जुन्या नाशिक-मुंबई रस्त्यानं कसारा घाट उतरते तेव्हा जाणवतं.

जो गिअर चढायला लागतो त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल करून डिझेल वाचतं हा गैरसमज आहे, आताच्या इंजिनात गिअरमध्ये असताना पाय काढला की डिझेल बंदच होतं. आणि इंजिन बंद करून तर कधीच उतरू नका, बूस्टर दोन-चार दाबांत संपतो आणि पॅडल दगड होतं. ड्रम तापून वास आला तर बाजूला थांबा, आपोआप थंड होऊ द्या. त्यावर पाणी ओतलं तर ड्रम तडकू शकतो.

ओव्हरलोडला केंद्राच्या कायद्यात २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट ही की कंपनीनं ब्रेक त्या गाडीच्या ठरलेल्या वजनासाठी बनवलेला असतो.

गाडी जागेवर उभी करायची लक्षणं

पॅडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल, पंप केल्याशिवाय ब्रेक लागत नसेल, चाकाच्या आतून ऑइल ओघळलेलं दिसत असेल किंवा ब्रेक मारताच गाडी एका बाजूला जात असेल, तर भाडं कितीही मोठं असो, आधी गॅरेज. हौद्यात मजूर बसवणं तसंही नियमात नाही, अशा गाडीत तर अजिबात नको.

गाडी मालकाची असली तरी रस्त्यावर ती चालकाच्या हातात असते. ही माहिती आपल्या गाडीच्या चालकापर्यंत नक्की पोहोचवा.