रुग्णाचे शब्द मोजण्याआधी

थेरपी घेतलेल्या लोकांच्या मुलाखती सॉफ्टवेअरमध्ये टाकायच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: बंद खोलीत रुग्ण नेमकं काय बोलतो, हे संशोधकांना कधीपासून कळायला लागलं?

पूर्वी हाती यायची ती फक्त थेरपिस्टची टिपणं. त्याला जेवढं आठवलं, जेवढं महत्त्वाचं वाटलं, तेवढंच. १९४२ मध्ये अमेरिकेत कार्ल रॉजर्स यांनी तबकड्यांवर ध्वनिमुद्रित केलेल्या एका रुग्णाच्या आठ बैठका शब्दशः छापल्या. आता रुग्णाचे शब्द दिसले, आणि थेरपिस्टच्या चुकाही.

पण एवढा मजकूर वाचणार कोण? १९६६ मध्ये हार्वर्डच्या फिलिप स्टोन यांच्या गटाचं 'जनरल इन्क्वायरर'वरचं पुस्तक आलं. हा प्रोग्राम मजकुरातले शब्द कोशाशी ताडून गटवार मोजायचा. त्याच वर्षी एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाम यांनी 'एलायझा' मांडली. ती रॉजर्सच्या ढंगात समोरच्याचंच वाक्य प्रश्न करून परत द्यायची. लोक तिच्यापाशी मन मोकळं करू लागले आणि वायझेनबामच अस्वस्थ झाले. शब्द ओळखणं म्हणजे माणूस समजणं नव्हे, हे त्यांना ठाऊक होतं.

पुढे १९९० च्या दशकात जेम्स पेनबेकर आणि सहकाऱ्यांनी 'एलआयडब्ल्यूसी' हे साधन आणलं. दुःखद अनुभवांबद्दल लिहिताना ज्यांच्या लेखनात दिवसागणिक 'कारण', 'समजलं' अशा अर्थाचे शब्द वाढत गेले, त्यांची तब्येत पुढे जास्त सुधारलेली दिसली. २००४ च्या एका अभ्यासात नैराश्यातले विद्यार्थी इंग्रजी 'आय' जास्त वापरताना आढळले.

इथेच आपण फसतो. मीही मराठी मजकुरात आधी नुसते 'मी' मोजले होते. गाईडने एकच वाक्य पुढे ठेवलं: 'झोप येत नाही.' यात 'मी' कुठंय? 'थकलोय' म्हटलं की 'मी' क्रियापदातच लपतो. 'जीव नकोसा झालाय' यात तर तो शब्दही नाही आणि क्रियापदातही नाही. पण बोलणारा स्वतःबद्दलच सांगतोय ना! नुसती मोजणी केली असती, तर सर्वात जास्त त्रासात असलेला माणूस माझ्या तक्त्यात शून्यावर दिसला असता.

म्हणून साधन निवडण्याआधी दहा पानं हाताने वाचा, खुणा करा, मग यंत्राचा निकाल त्याच्याशी ताडून बघा. फरक दिसला तर वैतागू नका. कदाचित तुमचा खरा संशोधन-प्रश्न तिथेच असेल.