व्हाइट स्ट्रीटवरचं नाट्यगृह

मी मुलांना नाच शिकवते. त्यामुळे एखादी नर्तकी किती गाजली यापेक्षा मागून येणाऱ्यांसाठी तिने काय उभं केलं, हे मी आधी पाहते. त्रिनिदादच्या बेरिल मॅकबर्नीबद्दल मला एवढा आदर आहे तो त्यासाठीच.

पोर्ट ऑफ स्पेनची ही शिक्षिका 1938 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेली. तिथे मार्था ग्रॅहमकडे आधुनिक नृत्य शिकली, ‘ला बेल रोझेट’ या नावाने कॅरिबियन नाच-गाणी सादर करू लागली. नर्तकी पर्ल प्रायमसलाही तिने त्रिनिदादचे नाच शिकवले. ब्रॉडवेवर ‘सन्स ओ’ फन’ या कार्यक्रमात तिने गायिका-नटी कार्मेन मिरांडाची जागा घेतली. एवढं जमल्यावर तिथेच राहिली असती, तर कुणी बोल लावला नसता. पण 1945 मध्ये ती मायदेशी परतली.

मायदेशी तिथल्याच लोकनाचांना प्रतिष्ठा नव्हती. बेले हा लोकनाच नाचताना बाई घेरदार झग्याची दोन्ही टोकं बोटांत धरते, मान ताठ, पाय मात्र ढोलाला उत्तर देत असतात. बोंगो हा नाच मयताच्या घरी रात्र जागवताना नाचत. लोकपरंपरेचे अभ्यासक अँड्र्यू कार यांच्यासोबत फिरून तिने हे सगळं त्या-त्या लोकांकडूनच घेतलं होतं. शहरातली बरी घरं त्याला नाक मुरडत. इंग्रजी अमलात ढोलांवर कायद्याने बंधनं आली होती. पुढे तेलाच्या पिंपांपासून ‘पॅन’ हे वाद्य घडवणाऱ्या पोरांच्या मागे पोलीस लागले.

1948 मध्ये वुडब्रुक भागात, व्हाइट स्ट्रीटवर तिने लिटल कॅरिब थिएटर सुरू केलं. पायाचा दगड अमेरिकी गायक-नट पॉल रोबसनने बसवला. आणि तिथे तिने अशाच पॅन वाजवणाऱ्या पोरांच्या इन्व्हेडर्स या स्टीलबँडला रंगमंचावर आणलं! ज्या पोरांना आईबाप ‘त्यांच्या नादी लागू नकोस’ म्हणून बजावत, त्यांचं वादन आता खुर्च्यांवर बसलेले प्रतिष्ठित लोक ऐकत होते. माझ्या मते तिची सर्वांत मोठी कामगिरी हीच. या पोरांना कुणाच्या दयेची गरज नव्हती. हवा होता मंच आणि समोर बसून ऐकणारे लोक. ते तिने मिळवून दिलं.

याच नाट्यगृहात 1959 मध्ये सेंट लुशियाहून आलेल्या डेरेक वॉलकॉट या तरुण नाटककाराने नटांची कार्यशाळा सुरू केली. त्रिनिदाद थिएटर वर्कशॉप ही नावाजलेली संस्था तिच्यातूनच उभी राहिली.