बागलाणचे बागूल : एका राठोड घराण्याची कुळकथा



सुगी आटोपली, धान्य घरात आले, की आपल्या खेड्यापाड्यांतून पूर्वी भाट येत असत. बगलेत कापडात गुंडाळलेली लांबलचक वही. ओसरीवर घोंगडी पसरायची, घरची लहानथोर माणसे भोवती बसायची, आणि भाट पिढ्या वाचू लागायचा. या वह्यांची एक गंमत आहे. कुठल्याही कुळाची वही उघडा, तिचे पहिले पान सहसा इथले नसते. कुणी कनौजहून आलेले, कुणी चितोडहून, कुणी धारेहून, तर कुणी थेट अयोध्येहून. ज्या मातीत दहा-दहा पिढ्यांचा घाम जिरला, त्या मातीचे नाव वहीत फार उशिरा येते. असे का बरे व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला राजस्थानात जायला नको. आपल्याच नाशिक जिल्ह्यात एक राजघराणे होऊन गेले. ते स्वतःला राठोड म्हणवीत असे. बागलाणचे बागूल राजे ते हेच. त्यांची कुळकथा आज पाहू या.

नांदगावच्या स्टेशनावर उभे राहिलात, तर या कथेची दोन टोके दोन अंगांना येतात. वायव्येला मालेगाव ओलांडून मोसम नदीच्या काठाने वर गेले, की ताहाराबाद लागते आणि पुढे मुल्हेर. ही बागुलांची राजधानी. आग्नेयेला घाट चढून गेले, की वेरूळ. मनमाडहून औरंगाबादकडे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरकडे, जाणारी रेल्वे सुरू होण्यापूर्वी वेरूळची लेणी पाहायला येणारे प्रवासी नांदगावलाच उतरत आणि तिथून गाडीरस्त्याने पुढे जात. मुल्हेर आणि वेरूळ यांचा काय संबंध, ते ओघाने येईलच.

आधी मुलूख पाहू. सटाणा तालुक्याला सरकारी दप्तरात आजही बागलाण तालुका म्हणतात. पण जुने बागलाण याहून पुष्कळ मोठे होते. शहाजहान बादशहाच्या काळचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो, की या मुलखात नऊ किल्ले, चौतीस परगणे आणि एक हजार एक गावे आहेत. पूर्वेला चांदोर, पश्चिमेला सुरत बंदर आणि समुद्र, उत्तरेला सुलतानपूर-नंदुरबार, दक्षिणेला नाशिक-त्र्यंबक, अशा त्याने सीमा दिल्या आहेत. साल्हेर आणि मुल्हेर हे त्यांतले सर्वांत बळकट गड. साल्हेर सुमारे १५६७ मीटर उंच, महाराष्ट्रातल्या किल्ल्यांत सर्वांत उंच.

आता कुळकथा. बागूल राजा नारायणशहा याच्या दरबारी रुद्र नावाचा कवी होता. शके १५१८ मध्ये, म्हणजे इ. स. १५९६ मध्ये, त्याने ‘राष्ट्रौढवंशमहाकाव्य’ हे वीस सर्गांचे संस्कृत काव्य पुरे केले. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने ते १९१७ साली छापले. त्यातली उत्पत्तीची गोष्ट अशी. कैलासावर शंकर-पार्वती सोंगट्या खेळत बसली होती. पार्वतीच्या हातचा फासा उडाला तो शंकराच्या माथ्यावरच्या चंद्रकोरीला लागला, आणि तिच्यातून एक मुलगा प्रगट झाला. पुढे लातना नावाच्या देवीने तो कनौजच्या निपुत्रिक राजाला मिळवून दिला. हा राष्ट्राचा आणि कुळाचा भार वाहील, म्हणून त्याचे नाव राष्ट्रौढ. त्याच्याच वंशात बागूल राजे झाले, असे कवी सांगतो.

गोष्ट गोड आहे. आपल्या आजीने सांगावी तशी आहे. पण इतिहासाचा अभ्यासक इथे थांबून दोन-तीन प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न वंशाचा. मुल्हेरच्या काव्यात मूळ पुरुष चंद्रापासून झाला, म्हणजे हे कूळ चंद्रवंशी ठरले. पण मारवाडातले राठोड स्वतःला सूर्यवंशी म्हणवतात. नाव एक, कनौजही एक. मात्र एकाचा मूळ पुरुष सूर्याचा आणि दुसऱ्याचा चंद्राचा! दोन्ही गोष्टी शब्दशः खऱ्या असू शकत नाहीत. मग काय, दोन्ही खोट्या म्हणून फेकून द्यायच्या? तसेही नाही. कुळाचा मान किती मोठा मानावा, हे सांगण्याची ती त्या त्या दरबाराची भाषा होती.

दुसरा प्रश्न नावाचा. ‘राठोड’ हा शब्द ‘राष्ट्रकूट’ किंवा ‘राष्ट्रौढ’ या शब्दापासून आला असे बहुतेक विद्वान मानतात. आणि राष्ट्रकूट म्हटले, की नांदगावकरांना कनौजचा रस्ता धरायचे कारणच उरत नाही. आठव्या शतकात दंतिदुर्गाने चालुक्यांची सत्ता मोडून राष्ट्रकूटांचे साम्राज्य उभे केले. वेरूळच्या दशावतार लेण्यात त्याचा शिलालेख आहे. त्याच्या मागून आलेल्या कृष्णराजाच्या काळात डोंगर कोरून कैलास लेणे झाले. हे राजे स्वतःला ‘लट्टलूरचे स्वामी’ म्हणवीत. लट्टलूर म्हणजे आपले लातूर. तिसऱ्या गोविंदाचा एक ताम्रपट वणी-दिंडोरीकडे सापडला. तो मयूरखंडी येथून दिलेला आहे, आणि सप्तशृंगीच्या समोरचा मार्कंड्याचा किल्ला हीच ती मयूरखंडी, असे काही विद्वानांचे मत आहे. तेव्हा ज्या नावाचे मूळ कवी उत्तरेत शोधत होता, ते नाव त्याच्या आधी आठशे वर्षे आपल्याच डोंगरांत गाजत होते.

पण म्हणून बागूल हे राष्ट्रकूटांचे थेट वंशज, असेही लगेच म्हणता येत नाही. राष्ट्रकूटांची सत्ता इ. स. ९७३ मध्ये मोडली. तिथून बागुलांच्या पहिल्या भरवशाच्या उल्लेखापर्यंत सुमारे चारशे वर्षांचे अंतर आहे, आणि ते सांधणारी साखळी सिद्ध झालेली नाही. नाव सारखे असणे निराळे, रक्त एक असणे निराळे. शिक्षकबंधूंनी हा भेद मुलांना आवर्जून सांगावा.

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. हे काव्य १५९६ सालीच का झाले? त्या वेळचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. १५७३ मध्ये अकबराने गुजराथ घेतली. १५९५-९६ मध्ये मोगलांनी अहमदनगरला वेढा घातला; चांदबिबीने शर्थ केली, तरी वऱ्हाड द्यावे लागले. खानदेशचे फारुकी मोगलांच्या दडपणाखाली होते. बागलाण चहूंकडून वेढले गेले होते. आणि मोगल दरबारात मान कोणाला होता? अंबर, जोधपूर, बिकानेर या राजपूत घराण्यांना. त्यांतले जोधपूर आणि बिकानेर राठोडांचे. अशा वेळी मुल्हेरच्या डोंगरी राजाने ‘आम्हीही कनौजचे राठोड’ असे काव्यात लिहवून घेतले, तर त्यात राजकारणाचाही भाग होता असे मानायला पुष्कळ जागा आहे. कुळकथा भूतकाळाबद्दल बोलते खरी, पण तिचा एक डोळा वर्तमानावर असतो.

आता भाटाची वही मिटू आणि या घराण्याने प्रत्यक्ष काय केले ते बघू. तिथे त्यांचा खरा मोठेपणा दिसतो.

बागूल राजांना ‘बहरजी’ हा किताब होता. परकी इतिहासकार प्रत्येक राजाला त्याच नावाने ओळखतात. इ. स. १३७० च्या सुमारास खानदेशच्या मलिक राजा फारुकीने बहरजीकडून खंडणी घेतली. पुढे बहामनी सुलतान आले, निजामशहा आले, गुजराथचे सुलतान आले. राजा कधी लढला, कधी खंडणी देऊन वाट काढली, पण राज्य राखले. १५७३ मध्ये अकबर गुजराथेत असताना त्याचा बंडखोर मेहुणा शरफुद्दीन हुसेन मिर्झा बागलाणातून निसटू पाहत होता. बहरजीने त्याला पकडून बादशहाच्या स्वाधीन केले. लहान राज्याने मोठ्या शेजाऱ्याशी कसे वागावे, याचा हा एक धडाच होता.

१६०१ मध्ये अशीरगड पडला आणि खानदेश मोगलांचा झाला. नारायणशहाचा मुलगा प्रतापशहा आता एकटा उरला. मोगलांनी मुल्हेरला वेढा दिला. तो सात वर्षे चालला असे जुने वृत्तांत म्हणतात. गड काही हाती आला नाही. शेवटी तह झाला. प्रतापशहाला काही गावे मिळाली आणि त्याने मुलखातून जाणाऱ्या व्यापाऱ्यांचे रक्षण करण्याचे पत्करले.

या व्यापारातच बागलाणचे बळ होते, बरं का. सुरत बंदरातून बुऱ्हाणपूरकडे आणि पुढे आग्र्याकडे जाणारा माल या मुलखातून वा त्याच्या कडेने जाई. बागुलांच्या टांकसाळीत महमुदी नाण्यांची पाडणी होई आणि ते नाणे बाजारात चाले. ‘ऐने अकबरी’त बागलाणच्या राठोड राजाजवळ आठ हजार घोडेस्वार आणि पाच हजार पायदळ असल्याचे लिहिले आहे, आणि तिथल्या द्राक्षे, डाळिंबे, सफरचंदे, अननस अशा फळांची तारीफ केली आहे. मोसम-आरम नद्यांवर बंधारे बांधून पाटाने पाणी फिरवायची, फडाफडांनी वाटून घ्यायची रीत या भागात जुनी आहे. आज सटाण्याकडचा शेतकरी डाळिंब आणि द्राक्ष पिकवतो. राजे गेले, तरी पाण्याची आणि मातीची ती विद्या गावाने जपली.

अखेर १६३७ साल उजाडले. दक्षिणेचा सुभेदार शहाजादा औरंगजेब, वय एकोणीस. त्याला बागलाण घेण्याचा हुकूम झाला. वर्षअखेरीस मालोजी दखनी आणि मुहम्मद ताहिर यांची फौज निघाली आणि मुल्हेरला मोर्चे लागले. १६३८ च्या आरंभी बहरजीने आपली आई आठ किल्ल्यांच्या चाव्या घेऊन छावणीत पाठवली. सुलतानपूरचा परगणा मिळावा, म्हणजे चाकरी पत्करतो, असा निरोप होता. बादशहाने ते मान्य केले आणि त्याला तीन हजारांची मनसब दिली. पिढ्यान्‌पिढ्यांचे राज्य एका परगण्यावर आले. पुढे त्याचा मुलगा बैरामशहा मुसलमान झाला आणि दौलतमंदखान या पदवीने मोगली चाकरीत राहिला. चंद्रकोरीपासून सुरू झालेली वंशकथा तिथे मनसबदारांच्या यादीत विरून गेली.

किल्ले मात्र इतिहासातून गेले नाहीत. १६७१-७२ मध्ये शिवाजी महाराजांनी साल्हेर-मुल्हेर घेतले. १६७२ मध्ये साल्हेरच्या पायथ्याशी मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी मोगलांची मोठी फौज उघड्या मैदानात मोडली. त्या लढाईत सूर्याजी काकडे पडले.

आता राहिला कुळाच्या प्रसाराचा प्रश्न. कूळ पसरते ते चार वाटांनी. धाकट्या मुलाला नवी जमीन मिळते. मारवाडात राव जोधाने १४५९ मध्ये जोधपूर वसवले आणि त्याचा मुलगा बिका याने १४८८ मध्ये बिकानेर. ही पहिली वाट. लग्नसंबंधाने नाव दूर जाते, ही दुसरी. चाकरीसाठी माणूस परमुलखात स्थायिक होतो, ही तिसरी. आणि चौथी वाट वहीत सहसा लिहिलेली नसते: राजाचे नाव मुलखाला लागते आणि मुलखाचे नाव त्यात राहणाऱ्या, राबणाऱ्या सगळ्यांना लागते. राठोड हे नाव आज मारवाडच्या राजवाड्यात आहे, तसेच मराठवाडा-विदर्भातल्या बंजारा तांड्यांवरही आहे. बागूल हे आडनाव नाशिक-खानदेशात अनेक जातीजमातींत आढळते. नाशिकजवळच्या विहितगावी १९३० साली जन्मलेले थोर दलित लेखक बाबुराव बागूल हे त्याच आडनावाचे. त्यांच्या १९६३ च्या कथासंग्रहाचे नाव ‘जेव्हा मी जात चोरली होती’. मुल्हेरच्या राजाने नाव मोठे करण्यासाठी महाकाव्य लिहवून घेतले; आणि त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाने, नावापुढे जात विचारणाऱ्या समाजाला जाब विचारला. दोन्ही गोष्टी या मुलखाच्या इतिहासात शेजारी-शेजारी ठेवल्या पाहिजेत.

शिक्षकबंधुभगिनींनो, तुमच्या गावातही अशा कथा असतील. वेशीवरचा वीरगळ, पाटलाच्या घरचे मोडी कागद, म्हाताऱ्यांच्या तोंडची हकिकत. मुलांना त्या जमवायला सांगा, आणि प्रत्येक कथेला तीन प्रश्न विचारायला शिकवा. ही कथा केव्हा लिहिली? कोणी लिहवून घेतली? तेव्हा शेजारी कोण राज्य करीत होते? असे विचारले म्हणजे कुणाच्या पूर्वजांचा अपमान होत नाही. उलट चंद्रकोरीतून आलेल्या मुलापेक्षा, वर्षानुवर्षे गड राखणारा प्रतापशहा, चाव्या घेऊन शत्रूच्या छावणीत गेलेली ती वृद्ध माता आणि मोसमच्या काठी बंधारा बांधणारा निनावी शेतकरी हे आपल्याला अधिक जवळचे वाटू लागतात. जमले तर एखाद्या सुटीत मुलांना मुल्हेरला न्या, आणि दुसऱ्या सुटीत वेरूळला. नांदगावहून दोन्हींकडे वाट जाते.