औषधाचे माप : वयाचे की वजनाचे?

औषधाच्या बाटलीवर चिकटवलेली कागदाची पट्टी आपल्यातील पिकल्या केसांच्या मंडळींना आठवत असेल. कंपाउंडर कात्रीने तिला दातरे पाडी. एक दातरा म्हणजे एक वेळचे औषध. मी शाळा अर्धवट सोडलेला माणूस. अपूर्णांकांची पहिली ओळख मला त्या पट्टीनेच करून दिली.

त्याआधी आपल्याकडे गुंज, मासा, तोळा ही मापे होती. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. इंग्रजांनी १८३३ साली तोळा १८० ग्रेनचा ठरवला आणि दवाखान्यांत ग्रेन, ड्रॅम, औंस आले. पुढे १९५६ च्या कायद्याने दशमान वजने आली, तेव्हा ग्रेन आणि ग्रॅम यांची गल्लत हा जिवाशी खेळ झाला. कारण एका ग्रॅममध्ये साडेपंधरा ग्रेन भरतात.

पण मापे बदलली तरी एक प्रश्न राहिलाच. मोठ्या माणसाची मात्रा ठरलेली. पोराला किती द्यायची? टॉमस यंग नावाच्या इंग्रज वैद्याने सूत्र घातले : मुलाचे वय, भागिले वय अधिक बारा. सहा वर्षांच्या मुलाला सहा भागिले अठरा, म्हणजे तिसरा हिस्सा. सूत्र सोपे, म्हणून ते पुष्कळ चालले. त्यात एकच गोष्ट गृहीत धरली होती, की सहा वर्षांची सगळी मुले सारखीच भरतात. सावकाराचे पोर आणि खाणकामगाराचे पोर ज्याने एका काट्यावर पाहिले आहे, त्याला यातली खोच सांगावी लागत नाही.

कोकणात या हिशेबाची खरी परीक्षा तांबड्या विंचवाने घेतली. त्याच्या विषाने शरीरात अॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, हातपाय गार पडतात, घाम फुटतो, पुढे फुप्फुसात पाणी भरते. महाड तालुक्यात बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रोग्यांच्या उशाशी बसून निरीक्षणे टिपली. रक्तदाब उतरवणारे प्राझोसिन हे औषध यावर लागू पडते, असे त्यांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. त्यानंतर या दंशाचे मृत्यू पुष्कळ घटले. मात्र मुलांना हे औषध द्यायचे ते किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. कमी पडले तर विष आवरत नाही. जास्त झाले तर रक्तदाब एकदम कोसळतो, म्हणून रोग्याला आडवेच ठेवावे लागते. चिठ्ठीवर आखूड लिहिलेला मायक्रोग्रॅम कोणी मिलिग्रॅम वाचला तर चूक हजारपट! तो शब्द पुरा लिहावा, आणि अर्धा मिलिग्रॅम लिहिताना टिंबाआधीचे शून्य गाळू नये, असा आग्रह धरतात तो उगाच नव्हे.

आमच्या चिरेखाण कामगारांच्या वस्तीवर एकदा रात्री असाच प्रसंग आला. विजापूरकडच्या कुटुंबातला मुलगा, चिऱ्यांच्या ढिगाशी खेळताना डंख बसलेला. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, “वजन किती?” आई म्हणाली, “सहा वर्साचा हाय, सायेब.” डॉक्टरांनी पुन्हा वजनच विचारले. तिथला काटा बिघडलेला. मी शेजारच्या रेशन दुकानदाराला उठवले. “भाऊ, या वेळी काय मोजायचंय?” म्हणत त्याने तांदळाचा काटा काढून दिला. मुलगा भरला सोळा किलो. त्या वयाला वीसच्या आसपास हवा. सोळा गुणिले तीस, चारशेऐंशी. डॉक्टरांनी हिशेब कागदावर मांडला, नर्सबाईंकडून पडताळून घेतला आणि एक मिलिग्रॅमची गोळी मधोमध मोडली.

तीन तासांनी पुन्हा अर्धी दिली. आई रात्रभर पोराचे तळवे चाचपत होती. पहाटे तिने माझा हात ओढून त्यांवर ठेवला. ऊब आली होती.