लेखकाचे घर : खानदेशातील तीन वास्तू

लेखकाला काही महिने राहावयास जागा द्यावी, पोटापाण्याची विवंचना नको म्हणून दरमहा वृत्ती द्यावी, आणि त्याच्या बदल्यात त्याने आपले लेखन तर करावेच, पण त्या गावच्या लोकांतही मिसळावे, शाळेत बोलावे, वाचनालयात बसावे, अशा योजना हल्ली पुष्कळ ऐकू येतात. त्यांना 'लेखकनिवास' म्हणतात. ही कल्पना परदेशातून आपल्याकडे आली, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो अगदीच निराधार नाही. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर संस्थानात मॅक्डॉवेल पतिपत्नींनी १९०७ साली आपल्या शेतावर कलावंतांसाठी अशी वसाहत काढली व ती पुढे फार नावारूपाला आली. परंतु त्यानंतर अवघ्या नऊ वर्षांनी, १९१६ साली, आपल्या खानदेशातील एका तालुक्याच्या गावी जे उभे राहिले ते आपण विसरून गेलो आहोत. त्याची आठवण द्यावी आणि त्यातून आजच्या कामाचे काही हाती लागते का ते पाहावे, एवढाच या विवेचनाचा हेतू आहे.

१९०६ साली जुन्या खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले. पश्चिम खानदेशचे ठाणे धुळ्यास राहिले, पूर्व खानदेशचे जळगावास झाले. या पूर्व खानदेशात, तापीच्या खोऱ्यातून सुरतेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, बोरी नदीच्या काठी अमळनेर आहे. सखाराम महाराजांच्या समाधीमुळे आणि वैशाखातील यात्रेमुळे ते वारकऱ्यांना पूर्वापार ठाऊक. तेथे श्रीमंत प्रतापशेट या गिरणीमालक गृहस्थांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना केली. कापडगिरणीच्या मालकाने धर्मशाळा बांधावी, घाट बांधावा, हे आपल्याकडे रीतीचे होते. प्रतापशेटांनी ती रीत थोडी पुढे नेली. विचार करणाऱ्या माणसासाठी त्यांनी घर बांधले. वेदान्ताचा, विशेषतः शंकराचार्यांच्या अद्वैताचा, आधुनिक दृष्टीने अभ्यास व्हावा म्हणून देशातून अभ्यासक बोलवावयाचे, त्यांना राहण्याची सोय, ग्रंथालय आणि वृत्ती द्यावयाची, आणि वाचन, चर्चा, लेखन एवढेच काम त्यांच्याकडे सोपवावयाचे, अशी ती व्यवस्था होती.

या व्यवस्थेतून काय निघाले? १९२५ साली तेथून 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' हे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले आणि अमळनेरचे नाव दूरदूरच्या विद्यापीठांत गेले. कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य या मंदिराचे संचालक म्हणून राहून गेले. त्यांचा 'द सब्जेक्ट ॲज फ्रीडम' हा ग्रंथ १९३० साली याच संस्थेने छापला, आणि आधुनिक भारतीय तत्त्वज्ञानात त्याचे स्थान आजही मोठे आहे. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी मिळून लिहिलेला 'अज्ञान' हा ग्रंथ १९३३ सालचा. सिंधी, बंगाली आणि मद्रासकडील असे तीन विद्वान एका खानदेशी गावात एकत्र बसून एक ग्रंथ लिहितात, ही गोष्ट केवळ वृत्ती आणि वास्तव्य यांच्यामुळे घडली. पैसा दिल्याने विद्या येत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मात्र या चित्राला दुसरी बाजू आहे. हे सगळे लेखन इंग्रजीत होते आणि विषय फार सूक्ष्म होता. गिरणीचा भोंगा झाल्यावर कामावर जाणाऱ्या माणसाला, कपाशीची गाडी घेऊन बाजारात येणाऱ्या शेतकऱ्याला, त्या मंदिरात काय चालते याचा थांग लागण्याचे साधन नव्हते. घर गावात होते, पण त्याचे दार विद्यापीठांच्या दिशेने उघडत होते. यात कोणाचा दोष काढावयाचा नाही. शुद्ध चिंतनाला असा एकांत लागतोच. पण तेवढ्याने लेखकाचे घर पुरे होते काय, हा प्रश्न उरतो. आणि त्याचे उत्तर त्याच मंदिरात आलेल्या एका तरुणाने आपल्या वागण्याने दिले.

कोकणातील पालगड गावचे पांडुरंग सदाशिव साने हे १९२३ च्या सुमारास अभ्यासक म्हणून अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. तेथे ते फार काळ राहिले नाहीत. १९२४ साली ते त्याच गावातील खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षक झाले, आणि पुढे शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलांची अंथरुणे आवरणारे, त्यांच्या खोल्या झाडणारे साने 'सर' हे पुढे साऱ्या महाराष्ट्राचे 'गुरुजी' झाले ते याच छात्रालयात. तेथे ते मुलांसाठी रोज हाताने लिहून एक दैनिक काढीत. त्यात कविता असे, चरित्र असे, देशोदेशीच्या गोष्टी असत. सकाळी उठून मुले ते वाचीत. साने गुरुजींची पुढची सोपी, ओघवती, काळजाला भिडणारी मराठी कोठून आली याचा शोध घेणाऱ्याने प्रथम या हस्तलिखित दैनिकाकडे पाहावे, असे आम्हांस वाटते. मंदिरात वाचनाची शिदोरी मिळाली असेल, पण लेखणीला वळण लावले ते रोज सकाळी वाट पाहणाऱ्या पोरांनी.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. तत्त्वज्ञान मंदिराची वृत्ती ज्या पैशातून निघाली तो पैसा गिरणीचा होता. गिरणीचा पैसा म्हणजे कपाशी पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा आणि माग चालवणाऱ्या कामगाराचा घामही त्यात आला. प्रतापशेटांची दानत मोठी होती हे निःसंशय; तिचा आदर राखूनच आम्ही म्हणतो की, अशा घरात राहणाऱ्यावर दात्याचे जेवढे ऋण असते तेवढेच त्या गावचेही असते. साने गुरुजींनी ते फेडले. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, त्यासाठी ते राबले. १९३८ साली त्यांनी अमळनेरहून 'काँग्रेस' हे साप्ताहिक काढले आणि शेतकरी-कामगारांची दुःखे त्यात मांडली.

आता धुळ्याकडे वळू. तेथील दुसरी वास्तू कोणा धनिकाने बांधली नव्हती, सरकारने बांधली होती, आणि तिच्यात कोणी आपखुषीने राहावयास जात नसे. १९३२ च्या सत्याग्रहात धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे होते, जमनालाल बजाज होते आणि साने गुरुजीही होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळातील अठरा रविवारी विनोबांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने केली. समोर बसले होते ते सत्याग्रही कैदी. ते वेदान्ताचे परीक्षक नव्हते, तेव्हा दृष्टान्त आले ते शेताचे, स्वयंपाकाचे, आईबापांचे. साने गुरुजी भराभर उतरून घेत होते. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आपल्याला मिळाला तो असा, आणि आज तो भारतातील बहुतेक भाषांत वाचला जातो. पुढच्याच वर्षी, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत, साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. त्या पुस्तकाची मांडणी पाहा. श्याम रोज रात्री मित्रमंडळींना आईची एक आठवण सांगतो. लेखक कोठडीत बसून लिहीत होता, पण त्याच्या कल्पनेत समोर ऐकणारी माणसे बसलेली होती.

तुरुंगाचे गोडवे गाण्याचा आमचा उद्देश नाही. बंदिवासाने किती जणांची शरीरे खचली याचा हिशेब कोणी ठेवला नाही. पण त्या अठरा रविवारांवरून एवढे दिसते की, निवारा आणि वेळ यांच्या जोडीला नेमाने येणारा श्रोता मिळाला म्हणजे लेखनाला निराळेच तेज चढते.

तिसरी वास्तूही धुळ्याचीच. दफ्तरे शोधीत गावोगाव पायपीट करणारे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. मागे कागदांचे ढीग राहिले. अशा वेळी गावे काय करतात हे आपण पाहतो : शोकसभा होते, फोटोला हार पडतो, आणि कागद वाळवीला जातात. धुळ्याने तसे होऊ दिले नाही. भास्कर वामन भट यांच्यासारखी मंडळी पुढे आली आणि दहा दिवसांच्या आत, ९ जानेवारी १९२७ रोजी, राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. याच गावात शंकर श्रीकृष्ण देव या वकिलांनी रामदासी वाङ्मयाची हस्तलिखिते गोळा करण्यात हयात घालवली होती, आणि १९३५ साली समर्थ वाग्देवता मंदिर उभे राहिले. राजवाड्यांना जिवंतपणी सुखाचे घर लाभले नाही. पण त्यांच्या कागदांना ते लाभले, आणि पुढच्या अभ्यासकांना तेथे बसण्याची जागा मिळाली.

यावर कोणी म्हणेल, 'हे सारे खरे, पण आमच्या बहिणाबाईंना कोणती वृत्ती होती?' आक्षेप मोलाचा आहे. आसोद्याची लेक आणि जळगावची सून असलेल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. शेतात आणि जात्यावर त्यांनी गाणी रचली. १९५१ साली त्या गेल्या, आणि १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. परंतु ती गाणी राहिली कशामुळे? घरात सोपानदेवांसारखा कवी मुलगा होता आणि ऐकून लिहून घेणारी माणसे होती, यामुळे. खानदेशातल्या ज्या दुसऱ्या जात्यांवर कोणी लिहून घेणारे नव्हते, तेथली गाणी पिठाबरोबर संपली. तेव्हा बहिणाबाईंचे उदाहरण वृत्तीच्या विरुद्ध जात नाही. ऐकणारा नसेल तर केवढे नुकसान होते, हेच ते सांगते.

या तीन घरांवरून आम्ही एवढाच निष्कर्ष काढतो. वृत्ती देणारा लेखकाला वेळ देऊ शकतो. शब्द देऊ शकत नाही. लेखकाला लोकांत मिसळण्याची अट घातली की काम झाले, असेही नाही. वर्षातून एक भाषण आणि एक हार, यात मिसळणे होत नाही. छात्रालयात रोज सकाळ होती, तुरुंगात दर रविवार होता. नेम पाहिजे, आणि तो दोन्हीकडून पाळला गेला पाहिजे.

श्रोतेहो, गिरणीमालकाने मंदिर बांधावे असे दिवस आता राहिले नाहीत. पण तालुक्याच्या वाचनालयात एखादी खोली रिकामी असते आणि गावात चार घरे आळीपाळीने जेवू घालू शकतात. चार महिने एका लेखकाला आपल्या गावी ठेवून घ्यावे. त्याच्यावर एकच अट घालावी की, दर रविवारी संध्याकाळी त्या आठवड्यात लिहिलेले त्याने वाचून दाखवावे. आणि एक अट स्वतःवर घालावी की, दर रविवारी आपण येऊन बसू, न कळले तर विचारू, आणि कंटाळा आला तर तोही सांगू. चार महिन्यांत साधारण सतराअठरा रविवार येतात. धुळ्याला तेवढे पुरले होते.