आहारशास्त्राचे शिक्षण आणि कृश मधुमेही : चंद्रपूर-गडचिरोली वनप्रदेशाच्या संदर्भात

मधुमेहाच्या चिकित्सेत पथ्याचा विचार फार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन प्रकार मानले असून, पहिल्यातील रोगी बहुधा कृश व दुसऱ्यातील स्थूल असतो, असे सांगितले आहे. चिकित्साही त्यानुसार भिन्न आहे : कृशाचे अन्नपानाने पोषण करावयाचे, स्थूलास अपतर्पण द्यावयाचे. आधुनिक वर्गीकरणाशी हे विभाजन तंतोतंत जुळते असे मानण्याचे कारण नाही. तथापि पथ्य ठरविण्यापूर्वी रोग्याची शरीरप्रकृती पाहावी, हे तत्त्व त्यात निःसंशय आहे. आहारतज्ज्ञांच्या आधुनिक शिक्षणात या तत्त्वास कोणते स्थान मिळाले, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

पाश्चात्त्य देशांत इन्शुलिनपूर्व काळी फ्रेडरिक ॲलन यांची अल्पाहार-पद्धती प्रचलित होती. तिने काही रोग्यांचे आयुष्य वाढले, परंतु ते अस्थिपंजर होऊन जगले. 1922 मध्ये टोरांटो येथे इन्शुलिनचा रोग्यावर प्रथम प्रयोग झाला आणि उपासमारीची ही चिकित्सा मागे पडली. पुढे 1950 मध्ये अमेरिकेत अन्नपदार्थांच्या अदलाबदल-याद्या प्रसिद्ध झाल्या. पावाच्या एका कापाऐवजी तितक्याच पिष्टाचा दुसरा कोणता पदार्थ चालेल, हे त्यांवरून रोग्यास कळू लागले. आहारतज्ज्ञाच्या शिक्षणाचे हे एक प्रमुख साधन ठरले. मात्र ज्याच्या घरी निवडीस वाव आहे असा रोगी या याद्यांत गृहीत धरलेला होता.

भारतात या शास्त्राचा पाया कुन्नूर येथील पोषण संशोधनशाळेत घातला गेला. तेथील संचालक ॲक्रॉइड यांनी 1937 मध्ये भारतीय अन्नांच्या पोषणमूल्यांची कोष्टके प्रसिद्ध केली. ही संस्था 1958 मध्ये हैदराबादेस गेली व 1969 पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. 1955 मध्ये मुंबईत डॉ. शां. श्री. आजगावकर यांच्या पुढाकाराने मधुमेह्यांसाठी अखिल भारतीय संघटना उभी राहिली. 1963 मध्ये आहारतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. अशा रीतीने व्यवसायास कोष्टके, संघटना आणि प्रतिष्ठा लाभली. परंतु त्याचे शिक्षण व कार्य प्राधान्याने नगरांतील महाविद्यालये व रुग्णालये यांच्याभोवतीच वाढले.

26 ऑगस्ट 1982 रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. या दोन्ही जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात भात हेच मुख्य अन्न आहे. नागभीड तालुक्यातील नांदेडचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी निवडपद्धतीने सिद्ध केलेले एच.एम.टी. हे बारीक धान याच प्रदेशातील होय. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यान्वये अंत्योदय कुटुंबास दरमहा 35 किलो धान्य मिळते. त्याच्या जोडीला वनातील मोहफुले, चारोळी, वास्ते, तेंदूची फळे ही ऋतूनुसार येतात. अशा घरातील मधुमेह्यास ‘भात वर्ज्य करा’ असे सांगितल्यास त्याच्या ताटात उरते काय, हा प्रश्न उपस्थित होतो. भाताचे प्रमाण कमी करावयाचे तर डाळ, अंडी, मासळी वा भाजी यांनी ती तूट भरून काढली पाहिजे. ते न झाल्यास पथ्याचे रूपांतर उपासात होते. आणि रोगी इन्शुलिन घेत असेल, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे भय असते.

कृश मधुमेह्याच्या प्रश्नास शास्त्रीय पार्श्वभूमीही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 1985 मध्ये कुपोषणजन्य मधुमेहास स्वतंत्र वर्ग म्हणून मान्यता दिली. 1999 मध्ये पुराव्याच्या अभावी तो वर्ग वगळला. 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्यास ‘पाचवा प्रकार’ म्हणून पुन्हा मान्यता दिली. प्रत्येक कृश मधुमेही याच प्रकारचा असतो असे नव्हे. निदान वैद्यानेच करावयाचे. दुसरीकडे, डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत केलेल्या अभ्यासात, सरासरी 2.7 किलो वजनाच्या नवजात बालकांतही चरबीचे प्रमाण तुलनेने टिकून असल्याचे आढळले. गर्भावस्थेतील न्यून पोषण आणि पुढील आयुष्यातील मधुमेह यांचा संबंध या संशोधनाने पुढे आणला. म्हणजे गर्भवतीचा आहार हाही मधुमेह-प्रतिबंधाचाच भाग ठरतो.

वनप्रदेशात शिक्षण कसे द्यावे, याचे उदाहरण गडचिरोलीतच आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेचे शिक्षण दिले. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यामुळे बालमृत्यू लक्षणीय घटले. आहारशिक्षणासही हा मार्ग खुला आहे. या प्रदेशात काम करू इच्छिणाऱ्या आहारतज्ज्ञाने कोष्टकांबरोबरच शिधापत्रिका, धानाचा हंगाम व वनातील खाद्ये यांचा अभ्यास करणे अगत्याचे आहे. रोग्याचे वजन घेतल्यावाचून, आणि त्याच्या घरी गेल्या आठवड्यात काय शिजले हे विचारल्यावाचून, त्याने पथ्य लिहून देऊ नये.