आधी देव करायचं, मग विचारायचंच नाही

उद्या १२ मे, जागतिक परिचारिका दिन. सकाळपासून फोनवर हातात दिवा घेतलेल्या नाइटिंगेल बाईंचे फोटो फिरतील, खाली "रुग्णांची माउली", "पांढऱ्या वेशातली देवी" वगैरे. पाठवणाऱ्यांवर राग नाही, मीही पाठवलेत. पण यंदा त्याऐवजी थोडा इतिहास लिहितोय. लांबलाय, सवडीने वाचा.

माणसाला देव करण्यात आपण सटाणेकर जुने आहोत. यशवंतराव भोसेकर इथले मामलेदार. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना लोकांसाठी उघडला. लोकांनी त्यांना देव केलं, देवमामलेदार. आज मंदिर आहे, यात्रा भरते, रथ निघतो. तपासणीला आले तेव्हा खजिना भरलेलाच निघाला, ही गोष्ट इथल्या पोरापोराला पाठ आहे. श्रद्धेबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण या चमत्कारामुळे एक गोष्ट आपल्या नजरेआड होते. कुलूप उघडताना त्या सरकारी नोकराच्या मनात काय चाललं असेल? एका बाजूला नियम आणि नोकरी, दुसऱ्या बाजूला दारात उपाशी माणसं. चमत्काराची गोष्ट सांगितली की हा पेच सांगायची गरजच उरत नाही.

नर्सेसचं आपण नेमकं हेच केलंय. आणि त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे.

मुंबईत परळला केईएम रुग्णालय आहे, १९२६ सालचं, महापालिकेचं. अरुणा शानबाग तिथे ज्युनिअर नर्स होत्या. मूळच्या कर्नाटकातल्या हळदीपूरच्या, घरची भाषा कोकणी, वय पंचविशीचं, लग्न ठरलेलं. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी ड्युटी संपवून त्या तळघरात कपडे बदलायला गेल्या. रुग्णालयातल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने कुत्र्याची साखळी त्यांच्या गळ्याभोवती आवळून अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठच्या सुमारास त्या सापडल्या. मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने जे नुकसान झालं ते कधीच भरून आलं नाही. खटला चालला तो जबरी चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाचा. लैंगिक अत्याचाराचं कलम लागलंच नाही. मुलीची बदनामी नको, लग्न ठरलंय, अशा विचाराने ती बाब पुढे आणली गेली नाही, असं पिंकी विराणी यांच्या १९९८ च्या पुस्तकामुळे लोकांना कळलं. आरोपीला सात वर्षांची शिक्षा झाली. त्या मात्र बेचाळीस वर्षं त्याच रुग्णालयात पडून होत्या.

तेव्हा मुंबईतल्या नर्सेस संपावर गेल्या होत्या, हे आज फार कुणाला आठवत नाही. अरुणाची नीट व्यवस्था करा आणि आम्हाला सुरक्षितपणे काम करता येईल असं बघा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. म्हणजे कपडे बदलायला धड जागा नाही, हा प्रश्न ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर प्रकरणानंतर देशाला पडला, तो परळच्या बायकांनी पन्नास वर्षं आधी रस्त्यावर येऊन विचारला होता. कोलकात्याच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयात अरुणाचं नाव पुन्हा निघालं.

पुढे १९८० च्या दशकात महापालिकेने त्यांना केईएममधून हलवायचा प्रयत्न दोनदा केला. कारण साधं होतं. खाट अडली होती. आणि खरं सांगायचं तर हा मुद्दा अगदीच निर्दयी म्हणता येत नाही. सरकारी दवाखान्यात खाट नसली की काय होतं ते आपल्याकडे ज्याने पेशंट घेऊन मालेगाव, तिथून नाशिक अशी वरात काढली आहे त्याला विचारा. जमिनीवर गादी टाकून झोपलेल्या पेशंटचाही हक्क असतोच. एक बाई, जी बरी होणार नाही, आणि समोर रांगेत उभी बरी होऊ शकणारी दहा माणसं. नर्सिंगच्या पुस्तकात यालाच न्यायाचं तत्त्व म्हणतात, थोडकी साधनं कुणाला आधी द्यायची ते. नर्सेसनी आंदोलन केलं, महापालिकेने माघार घेतली. मला त्यांचा निर्णय पटतो. पण तो निर्णय होता, हे आधी मान्य करायला हवं. "आईची माया" म्हटलं की त्यामागचा विचारच दिसेनासा होतो.

इथे एक योगायोग सांगतो. नर्सेसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने आपली आचारसंहिता पहिल्यांदा १९५३ साली केली. तिच्यात डॉक्टरचे आदेश निष्ठेने पाळणं हे नर्सचं कर्तव्य म्हणून लिहिलं होतं. ती बदलली १९७३ मध्ये, अरुणावर हल्ला झाला त्याच वर्षी. नर्सची पहिली जबाबदारी तिच्या सेवेची गरज असलेल्या माणसाशी, असं तेव्हा ठरलं. कागदावर तरी नर्स "डॉक्टरची मदतनीस" राहिली नाही.

पण त्या माणसाचं भलं कशात आहे, हे ठरवायचं कुणी? २००९ साली विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. म्हणणं असं की हे जगणं नव्हे, अन्न देणं थांबवा आणि तिला शांतपणे जाऊ द्या. नर्सेस म्हणाल्या, आम्ही तिला सांभाळतो, सांभाळत राहू. आवडीचं भरवलं की तिच्या चेहऱ्यावर कळतं, मासे आणि चिकन सूप ती आवडीने घेते, असं रुग्णालयाकडून न्यायालयाला सांगण्यात आलं. एका बाजूला तो आनंद होता, दुसऱ्या बाजूला नुसती स्नायूंची हालचाल. तीन डॉक्टरांनी जाऊन तपासलं. इतक्या वर्षांत अंगाला एकही बेडसोर नाही, याची नोंद झाली. ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे त्यांनाच या वाक्याचं वजन कळेल. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादर ओली राहू द्यायची नाही, पाठ कोरडी ठेवायची, हे सदतीस वर्षं. सुरुवातीच्या नर्सेस निवृत्त झाल्या, नव्या आल्या, ज्यांनी अरुणाला बोलताना कधी ऐकलंच नव्हतं.

७ मार्च २०११ ला न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी विराणींची मागणी फेटाळली. पण त्याच निकालाने उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवायची, म्हणजे निष्क्रिय दयामरणाची, वाट देशात पहिल्यांदा उघडली. आणि अरुणाच्या बाबतीत बोलण्याचा अधिकार लेखिकेचा नाही, केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, असंही सांगितलं. त्यांचं मत उद्या बदललं तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात जावं. नर्सेसनी आनंद साजरा केला. टीव्हीवर ते बघताना मी दोन मनांचा झालो होतो, आजही आहे. जी बाई स्वतः नर्स होती, जिने असे पेशंट बघितले असतील, तिला स्वतःसाठी काय हवं होतं हे कुणालाच माहीत नव्हतं. ज्यांनी तिला धुतलं-पुसलं त्यांचा अधिकार मोठा, हे कबूल. पण ज्याने सांभाळलं त्याला सोडवणं सगळ्यात जड जातं, हेही तितकंच खरं. १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने त्या गेल्या. अंत्यसंस्कार कुणी करायचे यावरून नातेवाईक आणि नर्सेस यांच्यात ताणाताण झाली, शेवटी दोघांनी मिळून केले.

हे सगळं मुंबईचं आणि दिल्लीचं. आपल्याकडे काय होतं ते लिहितो, कुठल्याही दवाखान्याचं नाव न घेता. पैसे संपतात, किंवा आशा संपते, बहुतेकदा दोन्ही एकदम. मोठा मुलगा बाहेर येऊन म्हणतो, "आता घरी नेतो बाबांना." कागदावर सही होते. दवाखान्याच्या भाषेत याला डामा म्हणतात, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. मग ऑक्सिजन काढायचा असतो, नळी काढायची असते. डॉक्टर पुढच्या पेशंटकडे गेलेले असतात. काढते ती सिस्टर. पेशंटने तिच्याकडे बघत "बाई, मला कुठं नेताय?" विचारलं तर उत्तरही तिनेच द्यायचं. घरच्यांनी आधीच दम दिलेला असतो, त्यांना काही सांगू नका. एका सिस्टरने मला सांगितलं होतं, "दादा, नळी काढायला हात थरथरत नाही. खोटं बोलायला थरथरतो." ती कंत्राटी होती. तिच्या वॉर्डात रात्री ती एकटी असायची.

९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०११ च्या निकालातल्या विसंगती दाखवल्या, सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच धरला आणि आधीच लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला मान्यता दिली. प्रक्रिया इतकी किचकट होती की जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी करावी लागली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का घेतला की पुरतं, म्हणजे आपल्या तालुक्यातही होऊ शकतं. शुद्धीत असताना, घरच्यांशी बोलून करून ठेवा, निदान नळी काढणाऱ्या बाईला तुमचं मत तरी माहीत असेल.

वेळ आल्यावर रुग्णालयात दोन मंडळं बसतात. पहिल्यात उपचार करणारा डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ डॉक्टर. दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ डॉक्टर. ज्या सर्वोच्च न्यायालयाने केईएमच्या नर्सेसचं म्हणणं ग्राह्य धरलं, त्याच न्यायालयाने घालून दिलेल्या या नियमांत नर्ससाठी एकही खुर्ची ठेवलेली नाही.